एलपी दोनदा फसली, आता प्रोब विकत घेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणारी डॉक्टर पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एमडी मेडिसीनच्या पहिल्या वर्षाला आहे. एमबीबीएसची २०१९ ची बॅच. नुकतीच एका मेंदूज्वराच्या संशयित रुग्णाची एलपी, म्हणजे कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढण्याची तपासणी, करताना सुई दोनदा हाडाला लागली आणि पाणी आलंच नाही. शेवटी जेआर-३ ने, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने, येऊन पहिल्याच प्रयत्नात एलपी केली. नातेवाईक दारातून सगळं बघत होते. तेव्हापासून ती प्रोसिजरला स्वतःहून पुढे होत नाही. खासगी कॉलेजातला एक बॅचमेट मोबाइलला जोडायचा, खिशात मावणारा सोनोग्राफी प्रोब वापरतो आणि म्हणतो, ‘याच्याशिवाय आता मेडिसीन होत नाही.’ युनिट हेड म्हणतात, ‘आधी हात लावा, मशीन नंतर.’ प्रोबची किंमत दोन लाखांच्या घरात आहे. धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेले वडील सोसायटीतून कर्ज काढायला तयार आहेत. रात्री अडलं की ती फोनवरच्या एआयला विचारते, आणि त्याचं उत्तर बरोबर निघालं की तिला आणखी वाईट वाटतं. तिचे प्रश्न असे: प्रोब घेऊ का? जुनी तपासणी शिकण्यात वेळ घालवू का? की मी मेडिसीनच्या लायकच नाही, आणि पुन्हा नीट-पीजी देऊन रुग्ण बघावे लागणार नाहीत अशी शाखा घ्यावी?

उत्तर

प्रिय डॉक्टर,

प्रोबचं आधी सांगते. घेऊ नकोस. पैशांचा मुद्दा नंतर येतो, त्याआधी कायदा आहे, आणि तो तुझ्या मित्रालाही कुणी सांगितलेला दिसत नाही. सोनोग्राफीचं यंत्र खोलीभर असो की खिशातलं, ते गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली, म्हणजे आपल्या पीसीपीएनडीटीखाली येतं. यंत्राची नोंद नोंदणीकृत केंद्राकडे असावी लागते, आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीला किंवा केंद्राला ते विकायलाही बंदी आहे. २०१२ मध्ये पोर्टेबल यंत्रांसाठी वेगळा नियम आला. यंत्र ज्या रुग्णालयासाठी नोंदवलं असेल त्याच्याच आवारात, भरती रुग्णांसाठी ते वापरायचं, किंवा इतरही वैद्यकीय सेवा देणाऱ्या फिरत्या पथकात. हॉस्टेलवरून वॉर्डात आणि सुट्टीत गावी असा खासगी प्रोब यात कुठेच बसत नाही. महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, १९८८ मध्येच, स्वतःचा कायदा केला होता. ‘मी फक्त छाती बघत होते’ हे सांगून भागत नाही, कारण पहिला प्रश्न यंत्राची नोंद कुठे आहे हाच असतो. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवायचा विचार असेल तर तोही सोड.

शिकायचंच असेल, आणि शिकायला हवंच, तर आयसीयूत किंवा कॅज्युअल्टीत विभागाचं नोंदणीकृत पोर्टेबल यंत्र असेल त्यावर शीक. ते कुणी आणि कुणाच्या देखरेखीखाली हाताळायचं हे विभागप्रमुखांना आधी विचार आणि परवानगी लेखी घे. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० स्कॅन, तेही जाणकाराने तपासलेले, असा अंदाज दिला आहे. म्हणजे फुप्फुसाचे पंचवीस, हृदयाचे पंचवीस, प्रत्येकाची क्लिप सेव्ह केलेली आणि नंतर कुणीतरी सोबत बसून बघितलेली. खिशातल्या प्रोबने एकटीने दोनशे वेळा बघितलंस, तर चूक असेल तीही दोनशे वेळा पक्की होईल.

आता तुझे सर आणि तुझा मित्र. हात आणि यंत्र हे दोन पक्ष आहेत आणि आपल्याला त्यातला एक निवडायचा आहे, असं तू धरून चालली आहेस. वॉर्डात हे दोन्ही एकाच रुग्णासाठी आणि बहुतेक वेळा एकापाठोपाठ वापरले जातात. कुठे कुणाचं ऐकायचं हे मात्र दर प्रश्नाला वेगळं असतं.

छातीतलं पाणी काढताना यंत्राचं ऐक. प्लुरल टॅप बोटाने वाजवून जागा ठरवून करायचे दिवस संपले. सोनोग्राफीने जागा बघून सुई घातली की फुप्फुसाला भोक पडण्याचा धोका कमी होतो. इथे जुन्या पद्धतीचा आग्रह धरणं रुग्णावर अन्याय आहे, मग आग्रह कुणाचाही असो. धाप लागलेल्या रुग्णात फुप्फुसात पाणी साचलंय का, हेही प्रोब स्टेथोस्कोपपेक्षा चांगलं सांगतो. एका फासळ्यांमधल्या जागेत तीन किंवा जास्त बी-लाइन्स, म्हणजे पडद्यावर खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा, आणि त्या दोन्ही बाजूंना अनेक जागी, असं चित्र हवं. पण त्याच बी-लाइन्स फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, एआरडीएससारख्या गंभीर फुप्फुसविकारात, विषाणूच्या न्यूमोनियातही दिसतात. समोरच्या माणसाला दहा वर्षांपूर्वी टीबी होऊन गेलाय हे ज्याने विचारलंच नाही, तो त्या रेषा बघून लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, देऊन मोकळा होतो. आयव्हीसीची, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणाऱ्या पोटातल्या मोठ्या शिरेची, तीच गत. २.१ सेंटिमीटरपेक्षा बारीक आणि श्वासाबरोबर निम्म्याहून जास्त मिटणारी आयव्हीसी म्हणजे उजव्या कर्णिकेतला दाब कमी, हे स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णाचं गणित आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ते जसंच्या तसं लावलं की चुकतं.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूचे वॉर्ड भरतात, तेव्हा हे सगळं रोज लागतं. पित्ताशयाची भिंत सुजलेली आणि उजव्या बाजूला छातीत थोडं पाणी दिसलं की प्लाझ्मा गळतोय हे यंत्र लवकर सांगतं. किती सलाइन द्यायचं आणि मुख्य म्हणजे कधी थांबवायचं, हे मात्र हेमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा), नाडीचा दाब (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक), लघवी आणि हातापायांची ऊब यांच्यावरच ठरतं. गळती थांबल्यावर तेच पाणी रक्तात परत येतं. त्या वेळी आदल्या रात्रीच्याच वेगाने सलाइन चालू राहिलं तर रुग्ण फुप्फुसात पाणी भरून बिघडतो.

आणि काही ठिकाणी तुझ्या सरांचं शंभर टक्के खरं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे नसांवर हल्ला होऊन स्नायू दुबळे पडणाऱ्या जीबीएसची, साथ आली. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. अशा रुग्णात रात्री दोन वाजता तुला एकच गोष्ट ठरवायची असते: श्वास कमी पडतोय का? पल्स ऑक्सिमीटर हे फार उशिरा सांगतो. स्नायू थकत आले तरी बराच वेळ ९७ दाखवत राहतो. रुग्णाला पूर्ण श्वास घ्यायला सांग आणि त्या एका श्वासात एकपासून मोठ्याने मोजायला लाव, सेकंदाला साधारण दोन आकडे. गणती वीसच्या आत थांबली की सीनियरला उठव. उशीवरून डोकं उचलता येतंय का ते बघ, कारण मानेचे स्नायू आणि श्वासपटल बहुधा बरोबरीनेच दुबळे होतात. दर दोन-तीन तासांनी गणती आणि मानेची ताकद केस पेपरवर लिही. चाळीसवरून बत्तीस, बत्तीसवरून चोवीस ही उतरण दिसली तर आयसीयूची खाट वेळेत मिळते. याच आजारात एलपीतली प्रथिनं पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतात. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून उपचार थांबवायचे नाहीत, हेही हाताने केलेल्या तपासणीवरच ठरतं.

आता त्या एलपीकडे येऊ. खरं पत्र तेच आहे.

सीनियरला पहिल्या प्रयत्नात जमलं, मला दोनदा जमलं नाही, म्हणजे माझ्या हातात नाही, असा निष्कर्ष तू काढलास. सीनियरने सुई घालण्याआधी काय केलं ते आठव. बहुतेक वेळा सीनियर येतो तेव्हा तो आधी रुग्णाला पुन्हा नीट वळवतो. निम्मी एलपी तिथेच होते. वॉर्डातली गादी मधे खचलेली असते, त्यामुळे कुशीवर झोपवलं की कंबर खाली जाते आणि वरचा खांदा पुढे पडतो. तुझी सुई जमिनीला अगदी समांतर असते, पण पाठीचा कणा वळलेला असतो. म्हणून सुई मध्यरेषा सोडते आणि हाडाला लागते. उपाय साधा आहे. रुग्णाला खाटेच्या कडेला आण, डोक्याखाली उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, दोन्ही खांदे एकमेकांवर बरोबर उभे, पाठ खाटेला काटकोनात. गुडघे पोटाशी आणायचे ते मांड्या वाकवून. मान दाबून हनुवटी छातीला टेकवण्याने मणक्यांमधली जागा फारशी वाढत नाही, रुग्ण मात्र गुदमरतो. धरायला वॉर्डातल्या मावशी किंवा मामा उभे असतील तर त्यांना हे नीट समजावून सांग, ते तुझ्यापेक्षा जास्त एलपी बघून बसलेले असतात. आणि खाट वर घे किंवा स्टुलावर बस. वाकलेल्या कंबरेने सुईचा कोन दिसत नाही.

जागा. दोन्ही इलियाक क्रेस्ट, म्हणजे कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा, जोडणारी रेषा चौथ्या कंबरमणक्याच्या आसपास जाते हे पाठ आहेच. हाताने ठरवलेली जागा प्रत्यक्षात बऱ्याचदा एक मणका वर निघते, स्थूल रुग्णात तर हमखास. म्हणून तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या कंबरमणक्यांमधलीच जागा (एल ३-४ किंवा एल ४-५) घे, त्याच्या वर जाऊ नकोस. जागा सापडली की मार्कर पेनने खूण कर, मग बेटाडिन. खूण केल्यावर रुग्ण हलला तर त्वचा सरकते, खूण खोटी ठरते. पुन्हा चाचप.

भूल देणारं दोन टक्के लिग्नोकेन दोन ते पाच मिली, आधी कातडीत, मग खोलवर, आणि मग पूर्ण दोन मिनिटं थांब. घाईत ही दोन मिनिटंच कापली जातात. रुग्ण दचकतो, पाठ ताठ करतो, आणि तू कष्टाने मिळवलेली जागा मिटते. सुई २२ गेजची, ९ सेंटिमीटरची. साधी, कापत जाणारी सुई असेल तर कुशीवरच्या रुग्णात तिचं तिरपं तोंड छताकडे ठेव. दिशा बेंबीकडे, किंचित डोक्याच्या बाजूला. कातडी ओलांडली की दर दोन मिलिमीटरला स्टायलेट, म्हणजे सुईतली बारीक तार, काढून बघ. ‘टक्’ असं जाणवेल या भरवशावर राहू नकोस, बऱ्याच रुग्णांत ते जाणवतच नाही. सडपातळ माणसात चार ते सहा सेंटिमीटरवर पाणी येतं.

हाड लागलं तर किती खोलीवर लागलं ते आधी बघ, कारण उत्तर त्यात असतं. वरवरच लागलं तर बहुधा स्पायनस प्रोसेसची, म्हणजे मणक्याच्या मधल्या टोकाची, कड आहे, म्हणजे रेषा बरोबर आणि कोन किंवा उंची चुकली. खोलवर लागलं तर बहुधा लॅमिना, म्हणजे मणक्याची बाजूची पट्टी, आहे, म्हणजे मध्यरेषा सुटली. पायात झिणझिणी किंवा कळ गेली तर सुई त्या बाजूला सरकली आहे, तिला विरुद्ध बाजूला आण. आणि दिशा बदलायची असेल तेव्हा सुई कातडीखालपर्यंत मागे घे, मगच वळव. खोलवर असताना मूठ फिरवली की सुई फक्त वाकते, टोक तिथेच राहतं, आणि तू त्याच हाडावर दुसऱ्यांदा आदळतेस. तुझ्या दोन्ही प्रयत्नांत सुई हाडालाच लागली असं तू लिहिलं आहेस. मागे किती घेतली होतीस हे पत्रात नाही. नेमकं तेच तपासून बघ.

सुई आत आहे असं वाटतंय आणि पाणी नाही, तर ९० अंश फिरव आणि थांब. २२ गेजमधून पाणी हळूच येतं. दाब मोजायचा तर रुग्ण कुशीवरच हवा. मॅनोमीटर (दाब मोजायची नळी) नसेल तर निर्जंतुक एक्स्टेंशन ट्यूब सुईला लावून उभी धर आणि स्तंभ स्थिर झाला की उंची मोज.

आणखी एक चूक, जी जमलेल्या एलपीतही होते: पाणी कमी काढणं. घाबरून दोन मिली घेतलं जातं. आपल्याकडे मेंदूज्वरात टीबीचा संशय सतत असतो, आणि टीबीचे जंतू पाण्यात फार विरळ असतात. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला मिळून आठ-दहा मिली हवं. मोठ्या माणसात हे पाणी एकूण १२५ ते १५० मिली असतं आणि शरीर तासाला साधारण २० मिली नव्याने तयार करतं, त्यामुळे दहा मिलीने काही बिघडत नाही. साखरेची बाटली वेगळी, आणि त्याच वेळची रक्तातली साखर पाठवल्याशिवाय पाण्यातल्या साखरेला अर्थ नाही. सुई काढण्याआधी स्टायलेट परत आत घाल. नंतर सहा तास किंवा चोवीस तास उताणं झोपवण्याने डोकेदुखी टळत नाही, हे तपासून झालेलं आहे. टळते ती सुई बदलल्याने. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात साध्या सुयांनी ११ टक्के रुग्णांचं डोकं दुखलं, तर पेन्सिलच्या टोकासारख्या अट्रॉमॅटिक सुयांनी सुमारे ४ टक्के. विभागाच्या इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात, या सुया घालायला सुचव. नव्या रेसिडेंटने सुचवलेलं हे मान्य होण्यासारखं आहे.

आणि डेंग्यूच्या मोसमात ताप आणि गुंगी घेऊन आलेल्या रुग्णाला सुई लावण्याआधी प्लेटलेट बघितल्याशिवाय हात पुढे करू नकोस. ५० हजारांच्या खाली असतील तर सीनियरला विचार. जाणीव कमी झालेली असेल, एका बाजूची शक्ती गेली असेल, नुकतीच पहिली फिट आली असेल, पॅपिलिडिमा (डोळ्याच्या मागच्या नसेला सूज) असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर आधी सीटी. पण सीटीची रांग आहे म्हणून अँटिबायोटिक थांबवायचं नाही. ब्लड कल्चर घे आणि पहिला डोस दे.

दारातून बघणाऱ्या नातेवाइकांबद्दल. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो’ ही भीती गावोगाव आहे आणि ती तुला आधीच माहीत आहे. मग ती त्यांच्या तोंडून येण्याआधी तूच बोल. ‘काका, पाठीच्या कण्यातली मुख्य नस कमरेच्या वरच संपते. आम्ही सुई तिच्या खाली घालतो. दोन चमचे पाणी काढणार, शरीर ते तासाभराच्या आत भरून काढतं. काही वेळा सुई हाडाला लागते, तेव्हा पुन्हा घालावी लागते. माझ्या दोन प्रयत्नांत नाही झालं तर माझे सीनियर करतील.’ हे शेवटचं वाक्य संमतीच्या आधी म्हटलेलं असलं की सीनियरचं येणं ठरल्याप्रमाणे होतं. तेच नंतर घडलं की नातेवाइकांना ते नापास झाल्यासारखं दिसतं आणि तुलाही. दोन प्रयत्न, मग हाक, हा नियम स्वतःला घालून घे.

आता हात तयार कसे होतात यावर. तुझी बॅच भारतातल्या नव्या, कौशल्यावर आधारित एमबीबीएस अभ्यासक्रमाची पहिली. त्यात स्किल लॅब आली, लॉगबुक आलं, ‘बघितलं, मदत केली, स्वतः केलं’ अशा पायऱ्या आल्या. पण पहिलं वर्ष संपायच्या आत लॉकडाउन लागला, आणि खाटेपाशी शिकण्याच्या काळात वॉर्ड कोविडचे होते. लॉगबुकं भरली, हात भरले नाहीत. हा दोष तुझा नाही. त्याची भरपाई मात्र तुलाच करावी लागणार आहे आणि ती होण्यासारखी आहे.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून २०१२ मध्ये आलेला एक अभ्यास तू जरूर वाचावास. मेडिसीनच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट्सना पुतळ्यावर एलपी करायला लावून २१ मुद्द्यांच्या यादीवर गुण दिले. सरासरी ४६ टक्के आली. मग त्यांना पुतळ्यावर सरावाचं प्रशिक्षण दिलं, चुका तिथल्या तिथे दाखवल्या, आणि ठरावीक गुण मिळेपर्यंत सोडलं नाही. सरासरी ९६ च्या आसपास गेली. त्याच यादीवर, वॉर्डात नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या न्यूरॉलॉजीच्या वरच्या वर्षांतल्या रेसिडेंट्सची सरासरी ६५ होती. पुतळा म्हणजे रुग्ण नव्हे हे मान्य करूनही दोन गोष्टी दिसतात. नुसत्या वर्षांनी आणि आकड्यांनी हात सुधारत नाही. आणि कुणीतरी बघत असेल, थांबवत असेल, पुन्हा करायला लावत असेल, तर फार लवकर सुधारतो.

तेव्हा तुला जे कमी पडतंय ते यंत्र नाही, बघणारा माणूस आहे. तो मिळवायचा कसा? बी. जे., एएफएमसी, भारती विद्यापीठ, काशीबाई नवले, कुठलंही कॉलेज घे, स्किल लॅब असावीच लागते. ती अंडरग्रॅज्युएटसाठी आहे असं समजून रेसिडेंट तिकडे फिरकत नाहीत. विभागप्रमुखांच्या सहीने एक साधा अर्ज दे, इमर्जन्सी डे सोडून एखाद्या दुपारचे दोन तास माग, आणि युनिटमधल्या तिघा-चौघांना सोबत घे. एकटीने अर्ज दिला की तो तुझा कमकुवतपणा वाटेल अशी तुला भीती वाटेल. चौघींनी दिला की तो उपक्रम होतो. तिथे एका लेक्चररला किंवा जेआर-३ ला चार पायऱ्यांत शिकवायची विनंती कर. आधी त्याने न बोलता पूर्ण करून दाखवायचं. मग प्रत्येक पायरी बोलत करायचं. मग तू बोलायचं आणि त्याने तसंच करायचं. मग तू बोलत करायचं. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि डोक्यातला गोंधळ नेमका तिथेच उघडा पडतो.

सोनोग्राफीखाली सुई चालवायचा सराव घरच्या वस्तूंवर होतो. अर्धा लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम जिलेटिन आणि दोन चमचे इसबगोल विरघळव. इसबगोलामुळे पडद्यावर ते मांसासारखं करडं दिसतं, नुसतं जिलेटिन काळं दिसतं. वरचा फेस काढून टाक, कारण प्रत्येक बुडबुडा पडद्यावर पांढरा ठिपका आणि खाली सावली पाडतो. लांबट फुग्यात रंगीत पाणी भर, हवा पूर्ण काढून गाठ मार, डब्यात आडवा ठेव, वरून मिश्रण ओत आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. ही झाली मानेतली जुग्युलर शीर. स्कॅन अर्थातच विभागाच्या यंत्रावर करायचा, प्रोबला पातळ प्लास्टिक लावून. सेंट्रल लाइनमध्ये, म्हणजे मोठ्या शिरेत नळी घालताना, नवशिक्याची सर्वात मोठी चूक अशी की पडद्यावरचा पांढरा ठिपका म्हणजे सुईचं टोक असं तो समजतो. प्रत्यक्षात तो सुईचा मधला भाग असतो आणि टोक शिरेच्या पलीकडे गेलेलं असतं. सुई थोडी पुढे, मग प्रोब थोडा पुढे, टोक दिसेनासं होईपर्यंत, मग पुन्हा सुई. हे जेलीवर इतक्या वेळा कर की डोळे पडद्यावर असताना हात आपोआप चालेल. सुईच्या वाटेत हवा राहून जेली खराब झाली की पुन्हा वितळव.

लॉगबुकमध्ये फक्त आकडा लिहू नकोस. प्रत्येक प्रोसिजरपुढे कितव्या प्रयत्नात, काय अडलं, कुणी काय सांगितलं, एवढ्या तीन ओळी लिही. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तुझी तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातली नेमणूक, येईल. तिथे रात्री हाक मारायला जेआर-३ असेलच असं नाही. त्याआधी एलपी, प्लुरल टॅप, असायटिक टॅप (पोटातलं पाणी काढणं) आणि इंट्यूबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) या चारांमध्ये बघणाऱ्याने ‘आता एकटी कर’ म्हटलेलं असायला हवं.

एआयचं उत्तर बरोबर निघालं की वाईट वाटतं, असं तू लिहिलंस. २०२४ मध्ये जामा नेटवर्क ओपनमध्ये आलेल्या चाचणीत ५० डॉक्टरांना लिखित केसेस दिल्या. चॅटबॉट हाताशी असलेल्यांना ७६ टक्के गुण मिळाले, नसलेल्यांना ७४. एकट्या चॅटबॉटला मात्र ९२ च्या आसपास. व्यवस्थित लिहिलेल्या केसमध्ये तो चांगला आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण रात्री दोन वाजता केस कुणी लिहून आणत नाही. ताप किती दिवसांचा, मान ताठ आहे की नुसती दुखते, आवाज सकाळपासून बदललाय का, हे तूच त्याला सांगतेस. तू चुकीचं सांगितलंस तर तोही चुकतो, आणि छान भाषेत चुकतो. दुसऱ्या बाजूने, पोलंडमधल्या २०२५ च्या एका अभ्यासात अनुभवी डॉक्टर एआयच्या मदतीने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करू लागल्यावर, मदत नसलेल्या तपासण्यांमध्ये त्यांना अडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी, सापडण्याचं प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर आलं. हात तयार झालेल्यांचं असं होतं, तर तयार होत असलेल्यांनी जास्त जपायला हवं. म्हणून क्रम ठरव. आधी तुझी तीन निदानं आणि पहिली तीन पावलं केस पेपरवर लिही, मग फोन उघड. फरक आला तर का आला ते सकाळच्या राउंडला विचार. डोस नेहमी विभागाच्या प्रोटोकॉलवरून किंवा फॉर्म्युलरीतून तपास. रुग्णाचं नाव, केस पेपरचा फोटो, एक्स-रेवरचा नोंदणी क्रमांक कुठल्याही ॲपमध्ये टाकू नकोस.

लायकीचा प्रश्न. पहिल्या काही महिन्यांत, चोवीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्यांमध्ये, एका रुग्णावरच्या दोन फसलेल्या सुयांवरून तो ठरवता येत नाही. पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजी उत्तम शाखा आहेत, पण त्या आवडतात म्हणून घ्याव्यात, लपायला म्हणून नव्हे. तिथेही चुकीच्या रिपोर्टमागे रुग्ण असतोच. सहा महिने वरचं सगळं करून बघ. तेव्हाही वॉर्डात जावंसंच वाटत नसेल, रुग्णाशी बोलणंच नकोसं होत असेल, तर तो वेगळा विषय आहे, आणि मग आधी प्रवेशाच्या वेळचा सीट सोडण्याचा बाँड नीट वाच.

झोप आणि सुट्टी माग. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा लिहिलेली आहे. कामाच्या गरजेनुसार अशी अट जोडलेली आहे, तरी मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही. प्रोसिजरच्या नुसत्या विचाराने हात थरथरणं, ड्यूटी नसतानाही झोप न लागणं, जगणं नको वाटणं, यांपैकी काहीही होत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या रुग्णालयात जा, पण जा.

बाबांना आज फोन करून कर्जाचा अर्ज मागे घ्यायला सांग. यंत्र स्वतःच्या नावावर घेता येत नाही हे कारण खरं आहे आणि त्यांना पटेल. लेकीसाठी काहीतरी करता यावं म्हणूनच ते कर्ज काढायला निघाले आहेत, म्हणून त्यांना नुसतं ‘नको’ म्हणू नकोस. एलपी फसल्याचं त्यांना सांगितलं नसशील तर तेही सांग. ज्यांनी आयुष्यभर मुलांना पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं आहे, त्यांना हे तुझ्या मित्रापेक्षा लवकर कळेल.